कुलपासमोरची रांग

लिनक्सच्या कर्नलमध्ये 'डीएम-क्रिप्ट' नावाची एक फाईल आहे. २००४ सालच्या मार्चमध्ये, २.६.४ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली. ख्रिस्तोफ साउट हा तिचा मूळ लेखक. काम तसं सरळ. डिस्कवर जाणारा प्रत्येक तुकडा जाता जाता कुलूपबंद करायचा, आणि परत येणारा प्रत्येक तुकडा येता येता उघडायचा. वरच्या प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही, खालच्या डिस्कलाही लागत नाही. आज आपण या फाईलचा इतिहास बघणार आहोत. संगणकवाले नसाल तर लगेच पळून जाऊ नका, बरं का! वाटेत ऊस आहे, साखर कारखान्याची गव्हाण आहे, आणि कागलची एक लेकही भेटणार आहे.

आधी एवढं कुलूप हवंच कशाला, ते बघू. ३ मे २००६ ला अमेरिकेत माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली. चोरांनी लॅपटॉप आणि एक बाहेरची हार्डडिस्क नेली. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, त्यांना फक्त यंत्र विकायचं होतं. पण त्या डिस्कवर २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा आणि सरकारी क्रमांक होते, तेही उघडे! पुढच्याच महिन्यात अमेरिकन सरकारने सगळ्या खात्यांना बाहेर नेल्या जाणाऱ्या यंत्रांवरचा डेटा एन्क्रिप्ट करायला सांगितलं. डिस्क एन्क्रिप्शन तोवर हौशी लोकांचा आणि संशयी स्वभावाच्या लोकांचा खेळ होता, तो तेव्हापासून ऑफिसच्या नियमात शिरला. विंडोजमध्ये बिटलॉकर आलं तेही व्हिस्टाबरोबर, म्हणजे याच सुमारास.

कुलपाची रचना त्याआधीच ठरली होती. जुनं डीईएस १९७७ चं. त्याची किल्ली ५६ बिटांची, आणि नव्वदच्या दशकात ती तोडणं जमू लागलं. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून अर्ज मागवून उघड स्पर्धा घेतली. ऑक्टोबर २००० मध्ये योआन डेमेन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन मंडळींचं 'राइनडाल' निवडलं गेलं, आणि २६ नोव्हेंबर २००१ ला ते एईएस या नावाने मानक झालं. कुलूप बनवायचं, त्याचा आराखडा चौकात टांगायचा, आणि जगातल्या सगळ्या कुलूपफोड्यांना म्हणायचं की या, फोडून दाखवा. गुपित फक्त किल्लीत. मला ही पद्धत फार आवडते.

पण आराखडा कितीही चांगला असला तरी तो चालवणारं यंत्र चहाडी करू शकतं. एईएस सॉफ्टवेअरमध्ये वेगाने चालवायचं तर आधी काढून ठेवलेले तक्ते वापरतात. तक्त्यातली कुठली ओळ वाचली यावर प्रोसेसरच्या कॅशमध्ये काय राहिलं ते ठरतं, आणि कॅशमध्ये काय आहे हे शेजारी चालणारा दुसरा प्रोग्रॅम वेळ मोजून ओळखू शकतो. ओस्विक, शामिर आणि ट्रोमर या तिघांनी २००५-०६ मध्ये हे करून दाखवलं. आणि कशावर केलं? आपल्या याच डीएम-क्रिप्टवर! एन्क्रिप्टेड डिस्कवर ८०० वेळा लिहायचं, ६५ मिलिसेकंद मोजमाप घ्यायचं, आणि त्यावरून एईएसची पूर्ण किल्ली काढायची. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

म्हणून 'हार्डवेअरमधलं एईएस फक्त वेगासाठी आलं' असं कोणी म्हटलं की मी अडवतो. वेग तर हवाच होता. पण तक्ते काढून टाकून सगळं काम प्रोसेसरच्या पोटात, ठराविक वेळात करायचं, हेही कारण होतं. २००४ च्या सुमारास व्हीआयए कंपनीच्या छोट्या प्रोसेसरमध्ये 'पॅडलॉक' नावाने ही सोय आली होती, आणि लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हरही होता. पण ते प्रोसेसर वापरणारे किती? खरा फरक पडला तो इंटेलने २००८ मध्ये एईएस-एनआय जाहीर केल्यावर. एईएससाठी सहा नवीन सूचना. ज्या फेरीसाठी आधी डझनावारी सूचना लागायच्या ती एका सूचनेत उरकायची. लिनक्सचा ड्रायव्हर जून २००९ मध्ये २.६.३० बरोबर आधीच तयार होता, आणि प्रत्यक्ष चिप २०१० च्या जानेवारीत बाजारात आल्या. एरवी आपल्याकडे रस्ता आधी होतो आणि पाईपलाईनसाठी तो मग उकरतात. इथे उलटं झालं होतं :-)

आता मुख्य गोष्ट. ती कुलपाची नाही, कुलपासमोरच्या रांगेची आहे.

डिस्ककडून वाचलेला तुकडा आला की डिस्क प्रोसेसरला इंटरप्ट देते, म्हणजे हातातलं काम थांबवून दार वाजवते. दारात उभं राहून लांबलचक काम करायचं नसतं. आत सांगायचं, 'पोतं आलंय, नंतर बघा,' आणि दार मोकळं करायचं. २००४-०५ च्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअर एईएस सेकंदाला साधारण ५० ते १०० एमबी चालायचं. म्हणजे ४ केबीचा एक तुकडा उघडायला ४० ते ८० मायक्रोसेकंद. (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.) एवढा वेळ दार अडवून ठेवणं म्हणजे गुन्हाच. म्हणून वाचलेले तुकडे 'केक्रिप्टडी' नावाच्या कामगाराच्या रांगेत टाकायचे ठरलं. २००५ च्या एप्रिलमध्ये लिनसने कर्नल गिटमध्ये आणला, तेव्हाच्या पहिल्या नोंदीतसुद्धा ही रांग आहे.

२००६ मध्ये लिहायचे तुकडेही रांगेत गेले. कारण वेगळं होतं. कर्नलचा स्टॅक, म्हणजे काम करताना पसरायची चटई, त्या काळी ३२-बिट यंत्रांवर ८ केबीची, आणि काहीजण तर ती ४ केबीच ठेवायचे. फाईल सिस्टीम, तिच्याखाली रेड, त्याखाली एलव्हीएम, त्याखाली एन्क्रिप्शन, असं एकावर एक रचत गेलं की चटई संपायची. काम दुसऱ्या कामगाराकडे दिलं की त्याची चटई नवी कोरी. अगदी शहाणपणाचा निर्णय.

पुढे यंत्रात प्रोसेसर वाढले, काम सगळ्यांत वाटायची सोय झाली. पण वाटून दिलेलं काम परत येताना क्रम बिघडतो, आणि फिरणाऱ्या डिस्कला क्रम बिघडलेला आवडत नाही. तिचं डोकं इकडून तिकडे पळत राहतं. म्हणून २०१५ मध्ये, ४.० आवृत्तीत, मिकुलाश पाटोच्का यांच्या कामातून आणखी एक कामगार आला. एन्क्रिप्ट झालेले तुकडे त्याच्याकडे जमा होतात, तो त्यांना डिस्कवरच्या जागेप्रमाणे लावतो आणि मग एकेक करून पुढे सोडतो. तेही बरोबरच होतं, कारण जगातल्या बहुतेक डिस्क तेव्हा फिरत होत्या.

म्हणजे प्रत्येक टप्प्यावर एक रांग वाढली, आणि प्रत्येक वेळी कारण खरं होतं.

फिरणाऱ्या डिस्कवरून कुठलाही एक तुकडा आणायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, म्हणजे दहा हजार मायक्रोसेकंद. त्यात रांगेतले पन्नास मायक्रोसेकंद कोण मोजतो? पण नंतर एनव्हीएमई डिस्क आल्या. त्या तोच तुकडा शंभरेक मायक्रोसेकंदात देतात. आणि एईएस-एनआय सेकंदाला २ जीबी धरलं तर ४ केबी उघडायला लागतात फक्त २ मायक्रोसेकंद. ज्या कामाला दारात उभं राहून करू नये म्हणून रांग लावली ते काम आता दोन मायक्रोसेकंदांचं, आणि रांगेत नंबर लागायला त्याच्या दसपट!

आमच्याकडे गळीत हंगामात कारखान्याच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ऊस गव्हाणीत पडला की त्याचा रस निघायला कितीसा वेळ? पण वजनकाट्यापुढे नंबर यायला कधी कधी अख्खी रात्र. ड्रायव्हर ट्रॉलीखाली घोंगडं पसरून झोपतो, आणि ऊस वाळून वजनात घटतो. आता अशा वेळी कोणी म्हटलं की 'गव्हाणीला मोठी मोटर बसवा', तर त्याला तुम्ही काय म्हणाल?

नेमका हाच सल्ला माझ्या एका मित्राला मिळाला. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं मशीनिंगचं युनिट आहे. कोल्हापूरच्या फौंड्रीतून कास्टिंग येतं, हे लोक त्याला मापात आणतात आणि ते गाडीच्या इंजिनाच्या कामाला जातं. ड्रॉइंग गिऱ्हाईक कंपनीची, म्हणजे परक्याची ठेव. गिऱ्हाइकाच्या करारात स्पष्ट अट की ड्रॉइंग ठेवलेली प्रत्येक डिस्क एन्क्रिप्टेड पाहिजे. अट काही उगाच नव्हती. त्याच रांगेतल्या एका युनिटच्या ऑफिसातून रात्रीत तीन कॉम्प्युटर गेले होते. भंगारात गेले की आणखी कुठे, कोणाला ठाऊक.

२०२२ ची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. युनिटमध्ये डेबियन ११ वर चालणारा एक छोटा सर्व्हर, चार कोअरचा, एनव्हीएमई डिस्क, सगळं एन्क्रिप्टेड. दिवसा ठीक चालायचा. रात्रपाळीला मात्र मशीनवर प्रोग्रॅम चढवताना ऑपरेटर ताटकळत बसायचे. ज्याच्याकडून सर्व्हर घेतला होता तो माणूस म्हणाला, एन्क्रिप्शनचा भार आहे, नवीन मोठा सर्व्हर घ्या, नाहीतर एन्क्रिप्शन काढा. महिन्याभराने गिऱ्हाइकाचं ऑडिट. मित्राचा फोन आला, "मर्दा, हे कुलूप काढू का नको एवढं एकच सांग. बाकीचं तुझं भाषण रविवारी ऐकतो."

इथे जरा थांबून हत्यारांविषयी सांगायला हवं, कारण या हत्यारांचा इतिहास कुलपाच्या इतिहासाइतकाच गमतीचा आहे.

चालू कर्नलच्या आत काय चाललंय ते कर्नल न थांबवता बघायचं, ही इच्छा फार जुनी. ती नीट पुरी केली सन कंपनीच्या ब्रायन कॅंट्रिल, माइक शपिरो आणि ॲडम लेव्हेंथल यांनी. त्यांचं डीट्रेस २००५ च्या जानेवारीत सोलॅरिस १० बरोबर आलं. कॅंट्रिलने त्यामागची गोष्ट लिहून ठेवली आहे. सनचं एक महाप्रचंड मशीन चाचणीत मार खात होतं, मोठमोठे लोक कित्येक दिवस आत डोकं घालून बसले होते, आणि शेवटी निघालं काय, तर कोणीतरी त्या मशीनला चुकून राऊटरचं काम लावून ठेवलं होतं! ते बिचारं इतरांचे पॅकेट वाहत होतं. कोट्यवधींचं यंत्र, पण त्याला 'तू आत्ता काय करतोयस?' असं विचारायची सोय नव्हती.

डीट्रेसचं लायसन्स लिनक्सला जुळणारं नव्हतं. लिनक्सने आपली वाट वेगळी काढली, आणि त्या वाटेवरचा एक मोठा टप्पा आपल्या देशात आहे. केप्रोब्ज हे ऑक्टोबर २००४ मध्ये २.६.९ बरोबर कर्नलमध्ये आलं. आयबीएमच्या ज्या गटाने ते घडवलं त्यात बंगळूरच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधली मंडळी होती. प्रसन्ना पंचमुखी आणि अनंत मविनकायनहळ्ळी ही नावं त्या फाईलींच्या इतिहासात जागोजागी दिसतात. पुढे २०१२ मध्ये ३.५ मध्ये युप्रोब्ज आलं, तेही आयबीएम इंडियाच्या श्रीकर द्रोणमराजू यांच्या हातून. आमच्या गैबी चौकातून बाहेर पडून हायवेला लागलं आणि डाव्या-उजव्या बाजूला कुठे वळलं नाही तर बंगळूरच येतं. त्यामुळे मला हे काम उगीचच शेजारच्या गावचं वाटतं.

केप्रोब्जची युक्ती फार सुंदर आहे. कर्नलमधल्या ज्या जागी पहारा बसवायचा तिथल्या सूचनेची प्रत काढून बाजूला ठेवायची, आणि मूळ जागी एका बाइटची 'थांबा' सूचना चिकटवायची. प्रोसेसर तिथे आला की थबकतो, पहारेकरी वेळ आणि नाव टिपून घेतो, बाजूला ठेवलेली सूचना चालवतो, आणि गाडी पुढे. काम झालं की पहारा उठवायचा, मूळ बाइट परत जागेवर. चालत्या बसचा टायर बदलण्यातला प्रकार!

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये स्टीव्हन रोस्टेट यांचं एफट्रेस आलं (२.६.२७). त्यात कंपायलरच प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी एक छोटी हाक पेरून ठेवतो. एरवी ती हाक बुजवलेली असते, म्हणून तिचा खर्च नगण्य. हवी तेव्हा जागी करायची. डिस्कच्या वाहतुकीसाठी येन्स ॲक्सबो यांचं ब्लॉकट्रेस त्याआधी, २००६ मध्येच आलं होतं. आणि २०१४ च्या शेवटापासून ॲलेक्सी स्टारोवोइटोव्ह यांच्या ईबीपीएफमुळे कर्नलच्या आत, कर्नलनेच तपासून घेतलेला, छोटा प्रोग्रॅम चालवता येऊ लागला. त्यावर २०१८ पासून बीपीएफट्रेस आहे, ज्यात दोन ओळींत प्रश्न विचारता येतो. ज्याने कधी प्रिंट-के लिहून, कर्नल पुन्हा बनवून, मशीन पुन्हा सुरू करून रात्री काढल्या आहेत, त्यालाच या दोन ओळींचं मोल कळेल. असो.

तर रविवारी दुपारी एमआयडीसीत गेलो. आधी साध्या तपासण्या. प्रोसेसरच्या यादीत एईएसचा झेंडा आहे का? आहे. कर्नल खरोखर एईएस-एनआयचा ड्रायव्हर वापरतोय की साधा? प्रॉक फोल्डरमधल्या क्रिप्टो फाईलमध्ये एकाच अल्गोरिदमचे अनेक ड्रायव्हर असतात, आणि ज्याचा अग्रक्रम मोठा तो निवडला जातो. तिथेही एईएस-एनआयच. क्रिप्टसेटपची स्वतःची चाचणी चालवली, आकडा सेकंदाला २ जीबीच्या अलीकडे-पलीकडे. ही चाचणी फक्त मेमरीत होते, डिस्कशी तिचा संबंध नाही. म्हणजे गव्हाण झकास चालू होती.

मग पर्फ लावून बघितलं, प्रोसेसर वेळ कुठे घालवतोय. एईएसची फंक्शनं यादीत पार खाली. इथेच 'एन्क्रिप्शनचा भार' हा सिद्धांत अर्धा मेला. पण पर्फची एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. प्रोसेसर काय करतोय ते पर्फ दाखवतो. कोण नुसतं उभं राहून वाट बघतंय ते त्यात दिसत नाही. रांगेत उभा असलेला माणूस काहीच करत नसतो, म्हणून तो हजेरीपटावरही नसतो.

म्हणून रात्रपाळी सुरू होईपर्यंत थांबलो, आणि दोन ठिकाणी घड्याळं लावली. एक खऱ्या डिस्कवर, म्हणजे मागणी गेल्यापासून डिस्कने उत्तर देईपर्यंत. दुसरं डीएम-क्रिप्टच्या वरच्या तोंडाला, म्हणजे मागणी आल्यापासून उघडलेला तुकडा वरच्याच्या हातात पडेपर्यंत. खालचं घड्याळ दिवसासारखंच, शंभरेक मायक्रोसेकंद. वरचं घड्याळ मात्र रात्री कित्येक पट फुगलेलं, आणि कधी कधी थेट मिलिसेकंदांत. डिस्क निर्दोष, एईएस निर्दोष, आणि तरी वेळ मधल्यामध्ये गायब!

तो कुठे गेला ते वर्कक्यूच्या ट्रेसपॉईंटनी सांगितलं. काम रांगेत टाकलं तो क्षण आणि कामगाराने ते हातात घेतलं तो क्षण, या दोन्हींची नोंद कर्नल देतो. दोन्हींतला फरक काढला की रांगेतला वेळ उघडा पडतो. रात्रपाळीच्याच वेळी सर्व्हरवर बॅकअप सुरू व्हायचा आणि तो डेटा दाबून लहान करायला चारही कोअर अडवायचा. केक्रिप्टडीचा कामगार उठायचा, पण त्याला बसायला खुर्ची मिळायची नाही. एफट्रेसचा फंक्शन ग्राफ काढला तर चित्र अगदी बोलकं होतं. उघडायच्या फंक्शनसमोर दोन-तीन मायक्रोसेकंद, आणि त्याच्याआधी भलीमोठी पोकळी. मध्येच क्रिप्टडीचं नावही दिसलं. ती आणखी एक रांग. एईएस-एनआय ज्या रजिस्टरांवर चालतं ती एफपीयूची असतात, आणि त्या क्षणी ती कर्नलच्याच दुसऱ्या कामात अडकली असतील तर ते काम क्रिप्टडीकडे टोलवलं जातं. रांगेतली रांग.

हा शोध माझा नव्हे. २०२० च्या मार्चमध्ये क्लाउडफ्लेअरच्या इग्नात कोर्चागिन यांनी हे सगळं सविस्तर मांडलं होतं. त्यांनी मेमरीतच बनवलेली डिस्क घेतली, म्हणजे डिस्कचा वेळ शून्याच्या जवळ, आणि एन्क्रिप्शन चढवल्यावर वेग सातपट पडलेला दाखवला. गणिताने एवढी घट यायला नकोच होती. मग त्यांनी गिटचा इतिहास उकरला आणि एकेक रांग कधी आणि का आली ते शोधून काढलं. वर मी जी वंशावळ सांगितली तिचा माग त्यांनीच पहिल्यांदा नीट लावला. त्यांनी सगळ्या रांगा वगळून बघितल्या तर वेग जवळपास दुप्पट. माझ्या मते त्या लेखातला सगळ्यात मोलाचा भाग पॅच नाही, तर जुन्या नोंदी वाचायचे त्यांनी घेतलेले कष्ट आहेत. 'हा कोड वाईट आहे' म्हणणं फार सोपं असतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५.९ आवृत्तीत दोन नवीन खुणा आल्या. एक 'वाचताना रांग नको' आणि दुसरी 'लिहिताना रांग नको'. आपोआप चालू होत नाहीत, मागाव्या लागतात. आणि ते योग्यच आहे, कारण फिरणाऱ्या डिस्कवाल्यांना जुनी रांग अजूनही उपयोगाची आहे. डेबियन ११ चा कर्नल ५.१०, म्हणजे सोय हाताशी होती. क्रिप्टसेटपच्या रिफ्रेश आज्ञेने चालू सर्व्हरवरच, काही बंद न करता, दोन्ही खुणा लावल्या आणि एलयूकेएस-२ च्या शीर्षभागात कायमच्या लिहून ठेवल्या. बॅकअपचा अग्रक्रम खाली नेला. वरचं घड्याळ खालच्या घड्याळाच्या जवळ येऊन बसलं. खर्च शून्य. (मित्राने रात्री तांबडा-पांढरा खिलवला, तो धरायचा तर धरा.)

मित्राचे वडील, तात्या, हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "आणि किल्ली विसरलो तर रे बाळा?"

"मग काहीच उघडणार नाही, तात्या. तुम्हालाही नाही आणि मलाही नाही."

यावर तात्यांनी बायजाबाईंची गोष्ट काढली. बायजाबाई शिंदे म्हणजे कागलच्या घाटग्यांची लेक, सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटग्यांची मुलगी. १७९८ मध्ये दौलतराव शिंद्यांशी लग्न, आणि त्यांच्या मागे १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार त्यांच्या हाती. पैशाच्या व्यवहारात बाई अतिशय पक्की. त्याच शिंद्यांच्या खजिन्याची गोष्ट अशी सांगतात, की ग्वाल्हेरच्या किल्ल्यातल्या 'गंगाजळी'ची तळघरं कुठे आणि ती कशी उघडायची याचं बीजक फक्त राज्यकर्त्याला ठाऊक असायचं, आणि ते बापाने मुलाला सांगायचं. १८८६ मध्ये जयाजीराव गेले तेव्हा माधवराव जेमतेम दहा वर्षांचे. बीजक सांगायचं राहून गेलं. खजिना किल्ल्यात होता तिथेच होता, पण असून नसल्यासारखा. पुढे शोधाशोध करून काही तळघरं सापडली म्हणतात. पण भिंत फोडता येते, खणता येतं. एईएसला २५६ बिटांची किल्ली नसेल तर फोडायला भिंतच नाही.

तात्यांना मी सांगितलं, की आपण टाइप करतो तो पासवर्ड म्हणजे खरी किल्ली नव्हे. खरी किल्ली डिस्कच्या सुरुवातीच्या शीर्षभागात ठेवलेली असते, ती स्वतः पासवर्डने कुलूपबंद. एलयूकेएसच्या पहिल्या आवृत्तीत अशा पासवर्डांचे ८ खण होते, दुसरीत त्याहून जास्त. म्हणजे मुलाचा एक पासवर्ड, तात्यांचा दुसरा. कोणी एक विसरला तरी दुसरा उघडतो, आणि नोकरी सोडून गेलेल्याचा खण तेवढा पुसता येतो. पण तो शीर्षभागच खराब झाला तर आठही पासवर्ड पाठ असून उपयोग नाही. म्हणून त्याची प्रत वेगळ्या पेनड्राईव्हवर काढली. पेनड्राईव्ह आणि तात्यांच्या अक्षरातला पासवर्ड अशी दोन वेगळी पाकिटं, दोन वेगळ्या ठिकाणी. तात्यांनी पासवर्ड मोडीत लिहू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं! त्यांना मोडी येत नाही, हे नंतर कळलं.

मित्राने मध्ये एक प्रश्न विचारला होता, तो बरोबर होता. एसएसडीमध्येच एन्क्रिप्शनची चिप येते, तर हे कर्नलचं झेंगट कशाला? २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड फान गास्टेल यांनी क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी उघडून बघितल्या. काहींमध्ये पासवर्ड आणि खरी किल्ली यांचा एकमेकांशी संबंधच नव्हता. पासवर्ड तपासणारा कोड बदलला की दार उघडं. आणि विंडोजचं बिटलॉकर अशा डिस्कवर विश्वास ठेवून स्वतः काहीच करत नव्हतं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती पद्धत बदलली. चौकात टांगलेला आराखडा आणि डब्यात बंद केलेला आराखडा यांतला फरक तो हाच. म्हणून प्रोसेसरमधलं एईएस मला चालतं, कारण त्याने काढलेलं उत्तर कागदावर पडताळून बघता येतं. डिस्कच्या पोटात काय चाललंय ते बघायला एफट्रेसही पोचत नाही.

स्वस्त फोनांचं दुखणं वेगळं. त्यांच्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या सूचना नसायच्या, म्हणून गूगलच्या पॉल क्रोली आणि एरिक बिगर्स यांनी ॲडियँटम नावाची वेगळी पद्धत काढली. ती २०१९ मध्ये लिनक्स ५.० मध्ये आली. त्याच बिगर्स यांनी २०२४ मध्ये ६.१० साठी नव्या रुंद रजिस्टरांवरचं एईएस लिहिलं, म्हणजे ते दोन मायक्रोसेकंदही आणखी कमी झाले. गव्हाण दरवर्षी मोठी होतेच आहे.

आणि रांग वगळणाऱ्या वाटेतही खड्डा निघाला. एनव्हीएमईचं उत्तर थेट इंटरप्टमध्ये येतं आणि तिथे कुलूप उघडायला परवानगी नाही, म्हणून २०२१ च्या सुरुवातीला त्या वाटेवर 'टास्कलेट' नावाची एक चिमुकली रांग घालावी लागली होती. टास्कलेट आपलं काम संपवून बाहेर पडायच्या आधीच त्याच्या पायाखालची मेमरी दुसऱ्याला दिली जाऊ शकते, हे नंतर लक्षात आलं. २०२४ च्या जानेवारीच्या अखेरीस पाटोच्का यांनी डीएम-क्रिप्टमधले टास्कलेट बंद करणारा पॅच दिला. हे वाचल्यावर मित्राला फोन केला, आणि पुढच्या रविवारी, मशीनं बंद असताना, त्या सर्व्हरचा कर्नल बदलून घेतला. सुरू होताना त्याने पासवर्ड मागितला, आणि तात्यांनी आपल्या खणातला टाइप करून उघडला.